क्राउन-पिनियन नवे बसवताना डिफरेन्शियलचे जुने तेल परत वापरावे का?

नमस्कार. मागच्या डिफरेन्शियलमधले (इंजिनचा जोर मागच्या दोन्ही चाकांना वाटून देणाऱ्या गियरपेटीतले) क्राउन, म्हणजे मोठे गियर, आणि त्याला फिरवणारे छोटे गियर, म्हणजे पिनियन, बदलायची वेळ आली की बिल मोठे होते, आणि मग गॅरेजमध्ये एक प्रश्न हमखास निघतो. आतले तेल गेल्याच वर्षी टाकले होते, दिसायलाही स्वच्छ आहे, तर तेच गाळून परत भरले तर काय बिघडले? उत्तर आधीच सांगतो. दात झिजले, तुटले किंवा बेअरिंग गेले म्हणून गियर बदलत असाल, तर ते तेल परत वापरू नका. याला एक अपवाद आहे आणि तोही मी सांगणार आहे, पण आधी कारणे समजून घेऊ, म्हणजे तो अपवाद तुमच्या गाडीला लागू होतो की नाही हे तुम्हालाच ठरवता येईल.

आपण बोलत आहोत ते बोलेरो, सुमो, ट्रॅक्स, पिकअप आणि टेम्पो यांसारख्या, इंजिन पुढे आणि जोर मागच्या चाकांवर असलेल्या गाड्यांबद्दल. इंजिनच्या तेलाला पंप असतो आणि फिल्टर असतो. या गाड्यांच्या डिफरेन्शियलमध्ये सहसा दोन्ही नसतात. क्राउनचा खालचा भाग तेलात बुडालेला असतो, तो फिरताना तेल वर उडवतो, आणि त्याच उडालेल्या तेलावर पिनियनची बेअरिंगे, बाजूची बेअरिंगे आणि आतले छोटे गियर जगतात. याचा अर्थ असा, की हाउसिंगमध्ये, म्हणजे डिफरेन्शियलच्या बाहेरच्या कवचात, जे काही पडले ते तिथेच राहते आणि प्रत्येक फेरीत पुन्हा दातांवर येते. ड्रेन नटाला किंवा हाउसिंगच्या तळाला चुंबक असेल तर तो पोलादाचा बराच चुरा धरून ठेवतो, पण पितळ, काशाच्या वॉशरांचा कीस आणि बाहेरून शिरलेली धूळ त्याला चिकटत नाही.

मग गाळून घेतले तर? इथे आकाराचा विचार करावा लागतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग; माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाडीचा असतो, आणि ४० मायक्रॉनच्या खालचा कण नुसत्या डोळ्याला दिसत नाही. बेअरिंगचा रोलर आणि त्याची धाव (ज्या कड्यावर तो फिरतो ते) यांच्यामध्ये तेलाचा जो थर असतो, तो मात्र बहुतेक वेळा एका मायक्रॉनच्या आसपासच असतो. सुती फडक्यातून किंवा चहाच्या गाळणीतून १० ते २० मायक्रॉनचे कण सहज खाली उतरतात, आणि नव्या बेअरिंगला धोका नेमका याच कणांचा आहे. असा कडक कण रोलरखाली सापडला की धावेवर बारीक खड्डा पडतो, खड्ड्याच्या कडेवर भार एकवटतो, आणि काही काळाने तिथला पोलादाचा पापुद्रा सुटू लागतो. सुटलेला पापुद्रा पुन्हा तेलातच पडतो. नव्या सेटमधून काही हजार किलोमीटरांतच घरघर सुरू झाली, तर सेटिंग चुकले असे म्हणण्यापूर्वी तेल कोणते भरले होते हेही विचारायला हवे.

रंगावर विश्वास ठेवू नका, हे मला जरा आग्रहाने सांगायचे आहे. इंजिनचे तेल काळे पडते, कारण त्यात जळणाची काजळी मिसळते. डिफरेन्शियलमध्ये काहीच जळत नाही, त्यामुळे तिथले तेल निकामी झाल्यावरही मधासारखे दिसू शकते.

(टेबलावरील काचेची बाटली उचलून कॅमेऱ्यासमोर धरतो.)

म्हणूनच जुने तेल काढल्यावर लगेच टाकून देऊ नका. ते परत भरायचे नाही, पण वाचायचे मात्र आहे. अशा पारदर्शक बाटलीत थोडे तेल घेऊन रात्रभर ठेवा आणि सकाळी तळ पाहा. चुंबकावर करड्या रंगाचा, लोण्यासारखा मऊ लेप असेल तर ती नेहमीची झीज आहे. बोटांना टोचणारे तुकडे किंवा चपट्या खपल्या असतील तर दात किंवा बेअरिंगची धाव सुटली आहे. पिवळसर चमक दिसली तर आतले वॉशर तपासा. तेल दुधाळ दिसले तर पाणी शिरले आहे. कोकणात पावसाळ्यात ओढ्यातून गाडी काढणाऱ्यांनी याकडे विशेष लक्ष द्यावे, कारण तापलेला ॲक्सल गार पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते, आणि ब्रीदर (हवा आत-बाहेर जाण्याचे छोटे तोंड) तुंबलेला असेल तर सीलमधून पाणी आत ओढले जाते. हे सगळे कळल्याशिवाय नवा सेट बसवला, तर जुना ज्या कारणाने गेला ते कारण आतच राहते.

आता तेलातल्या रसायनाकडे येऊ. या गाड्यांमध्ये बहुधा हायपॉइड गियर असतात, म्हणजे पिनियनचा अक्ष क्राउनच्या मध्यरेषेच्या खाली असतो. पॅकार्ड कंपनीने १९२६ च्या सुमारास ही रचना मोटारींमध्ये आणली. प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे इंजिनकडून मागे जोर आणणारा लांब दांडा, खाली घेता आल्यामुळे गाडीची बैठक खाली आली आणि आवाजही कमी झाला, पण दात एकमेकांवर लोळण्याबरोबर जोरात घसरूही लागले. ही घसरण साध्या तेलाला सोसत नाही. म्हणून गियर ऑइलमध्ये गंधक आणि फॉस्फरसची संयुगे घालतात. दात जिथे तापतात तिथे ती पोलादाशी संयोग पावून एक पातळ थर तयार करतात, आणि पोलादाऐवजी तो थर घासला जातो. हे करताना ती संयुगे खर्ची पडतात. जुन्या सेटने तापून, करकरून ती किती वापरली हे गॅरेजमध्ये मोजता येत नाही, आणि नव्या दातांना त्यांची सर्वांत जास्त गरज पहिल्या काही शे किलोमीटरांतच असते, कारण तेव्हा पृष्ठभाग अजून एकमेकांवर बसलेले नसतात आणि उष्णता जास्त निर्माण होते.

अपवाद असा आहे. नुकतेच नवे तेल भरले आणि गाडी फारशी चालण्याआधीच सील गळते म्हणून, किंवा शिम (पातळ पत्र्याची चकती) बदलून बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) पुन्हा जुळवायचा म्हणून हाउसिंग उघडावे लागले, आणि तेल स्वच्छ धुतलेल्या, झाकता येणाऱ्या भांड्यात काढले, तर ते परत वापरायला हरकत नाही. तिथे कोणताही भाग मोडलेला नसतो आणि तेल अजून कामालाच लागलेले नसते. तरी भांड्याबद्दल किंवा आत उडालेल्या धुळीबद्दल शंका असेल तर नवेच भरा. जीपच्या आकाराच्या गाडीत दीड ते अडीच लिटर तेल लागते, आणि सेट, बेअरिंगे व मजुरी यांच्यापुढे ती रक्कम फार लहान आहे.

नवे तेल भरण्यापूर्वी हाउसिंग धुवावे लागते. नुसते मधले भांडे पुसून भागत नाही, कारण दोन्ही बाजूंच्या ॲक्सलच्या नळ्यांमध्ये जुने तेल आणि चुरा साचून राहतो. ॲक्सल शाफ्ट बाहेर काढून नळ्या डिझेलने धुवा, चुंबक पुसा, ब्रीदर मोकळा करा आणि सगळे पूर्ण वाळू द्या, नाहीतर राहिलेले डिझेल नव्या तेलाला पातळ करेल.

दुकानात केवळ ‘नव्वद नंबर’ मागू नका. त्या नावाने मिळणारे बरेचसे तेल गियर ऑइलच्या जीएल-४ या प्रतीचे असते, आणि हायपॉइड डिफरेन्शियलला सहसा जीएल-५ लागते. तेलाच्या जाडीचा क्रमांक एसएई ८०डब्ल्यू-९० हवा की ८५डब्ल्यू-१४०, हे गाडीच्या पुस्तिकेत पाहून ठरवा. लॉकिंग (दोन्ही चाके एकत्र जखडणारे) डिफरेन्शियल असेल तर पुस्तिकेतल्या तेलापासून हलूच नका. गाडी सपाट जागेवर ठेवून फिलर नटाच्या कडेपर्यंत तेल भरा.

पहिल्यांदा पंधरावीस मिनिटे बेताने चालवून गाडी पूर्ण गार होऊ द्या. सुरुवातीचे ८०० किलोमीटर जड भार, घाटातली ओढाताण आणि दुसरी गाडी ओढणे टाळा, आणि ते झाल्यावर हे नवे तेलही काढून टाका. अनेक मालकांना हे पटत नाही, पण नवे दात एकमेकांवर बसताना जो चुरा निघतो तो याच तेलात असतो, आणि तो बाहेर काढायचा दुसरा मार्ग या रचनेत नाही.

काढलेले दोन्ही वेळचे तेल बंद डब्यात साठवा. भारतात २०१६ च्या नियमांनुसार वापरलेले तेल घातक कचऱ्यात मोडते. ते गटारात किंवा शेताच्या बांधावर ओतू नका, सेंटरिंगच्या प्लेटांना लावायलाही देऊ नका. परवानाधारक पुनर्प्रक्रिया करणाऱ्याला तेल देणारे गॅरेज शोधा आणि डबा तिथे पोहोचवा.