शास्ती, दरमहा दोन टक्के

(दृश्य: टेबलावर पसरलेलं मिळकतकराचं बिल. बोट एकेका ओळीवरून खाली सरकतंय.)

सोलापूर महानगरपालिकेचं हे मिळकतकराचं बिल. आपल्या बोलण्यातली घरपट्टी. वर मालमत्ता क्रमांक, पेठ, मालकाचं नाव. खाली सामान्य कर, मग बाकीचे छोटेमोठे कर, राज्य सरकारसाठी गोळा होणारा शिक्षण कर, बिगरनिवासी मिळकत असेल तर रोजगार हमी उपकर. बिल हातात आलं की नजर थेट तळाच्या एकूण रकमेवर जाते. तिच्या जरा वर थांबू. तिथं शास्ती लिहिलंय.

शास्ती म्हणजे दंड. मिळकतकर वर्षाचा असला तरी तो दोन सहामाहींत, 1 एप्रिल आणि 1 ऑक्टोबरला देय होतो. बिलाची मुदत उलटली की महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमातल्या कराच्या नियमांप्रमाणे राहिलेल्या करावर दरमहा 2 टक्के शास्ती लागते. महिना अर्धा सरला असला तरी पूर्ण धरतात, त्यामुळे 31 तारखेला न भरता दुसऱ्या दिवशी गेलात तर एका दिवसासाठी महिन्याचे पैसे जातात.

दोन टक्के ऐकायला किरकोळ वाटतं, आणि तिथंच फसायला होतं. सहामाहीचा कर 6,000 रुपये धरा. महिन्याला शास्ती 120, वर्षाला 1,440. म्हणजे सालाना 24 टक्के. शास्तीवर शास्ती चढत नाही, हा त्यातल्या त्यात दिलासा. तरीही 50 महिन्यांत, म्हणजे चार वर्षं दोन महिन्यांत, शास्ती मुद्दलाएवढी होते आणि 6,000 चे 12,000 होतात. मधल्या काळात पुढच्या सहामाह्याही थकल्या, तर प्रत्येकीचं मीटर वेगळं चालू होतं. म्हणून हिशेब तपासताना एकूण थकबाकीला 2 टक्क्यांनी गुणून भागत नाही. कोऱ्या कागदावर एकेक सहामाही वेगळी मांडा: कर किती, मुदत कधी संपली, आजवर महिने किती. बिलातला आकडा यापेक्षा जास्त आला तरच शास्तीच्या हिशेबात चूक आहे असं म्हणता येतं.

पण बऱ्याचदा चूक शास्तीत नसते, ज्या करावर ती लागली त्या करातच असते.

(दृश्य: साखर पेठ, भवानी पेठेतल्या गल्ल्या. खाली पत्र्याचं शेड, वर राहतं घर. शेडमध्ये आता कापड विणायचे माग नाहीत, फरशीवर तेलाचे डाग.)

सोलापुरात याचं नेहमीचं रूप म्हणजे खाली माग आणि वर घर. आकारणीच्या नोंदवहीत खालचा भाग कारखाना, म्हणजे बिगरनिवासी, आणि त्याचा दर घरापेक्षा चढा. माग भंगारात गेले, जागेत आता मुलाचा संसार आहे, तरी नोंद कारखान्याचीच. पालिकेला कुणी कळवलंच नाही, तर नोंद आपोआप कशी बदलेल? वापर बदलाचा अर्ज द्यावा लागतो. सोबत पॉवरचं कनेक्शन तोडल्याचा कागद, घरगुती वीजबिल आणि जागेचे फोटो. त्यानंतर जागेची पाहणी होते. पाहणीच्या दिवशी घराला कुलूप असलं तर अर्ज तसाच पडून राहतो, हे अनुभवी लोक जाणतात. आणि मागच्या वर्षांचा कर यानं आपसूक कमी होत नाही, म्हणून उशीर महागात पडतो.

दुसरी चूक मोजमापाची. कर बसतो करयोग्य मूल्यावर. जागेला वर्षभरात जे वाजवी भाडं येऊ शकेल, त्यातून दुरुस्तीखर्चापोटी 10 टक्के वजा करायचे. महिना 2,000 भाडं धरलं तर वर्षाचे 24,000, वजा 2,400, करयोग्य मूल्य 21,600. तुम्ही स्वतः राहत असलात तरी भाडं असंच गृहीत धरतात. आता 480 चौरस फूट क्षेत्रफळ नोंदीत 840 झालं असेल, तर पुढचा सगळा हिशेब बरोबर करूनही उत्तर चुकतं. टेप लावून स्वतः मोजा आणि कर आकारणी उतारा काढून ताडून बघा. उतारा मिळायला अडचण आली तर माहिती अधिकाराचा 10 रुपयांचा अर्ज आहेच.

हद्दवाढ भागाची तऱ्हा निराळी. 1992 ला आसपासची गावं शहरात आली. तिथल्या कित्येक प्लॉटांची बिलं अजून मूळ जमीनमालकाच्या नावानं निघतात. खरेदीखत झाल्यावर तीन महिन्यांत पालिकेला हस्तांतराची नोटीस द्यायची असते. ती दिली नाही तर विकणाराही जबाबदारीतून सुटत नाही. घेणाऱ्याचीही सुटका नाही, कारण मिळकतकराचा बोजा मिळकतीवरच पहिला असतो. बिल माझ्या नावाचं नाही, हा बचाव चालत नाही.

(दृश्य: अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का बसतो. शाई ओली.)

हरकत घ्यायची ती लेखी. कर नव्यानं बसवला किंवा वाढवला तर पालिका विशेष नोटीस देते. हरकतीची मुदत तिच्यावर छापलेली असते. नोटीस हातात पडली त्या दिवसाची तारीख तिच्यावरच पेननं लिहून ठेवा. अर्जात मालमत्ता क्रमांक, वादातली सहामाही, चूक नेमकी कोणती आणि बरोबर आकडा काय, एवढं पुरतं. "कर अन्यायकारक आहे" या वाक्यानं काहीच हलत नाही. "क्षेत्रफळ 840 नाही, 480 आहे" यानं मोजणी होते. दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांकासह शिक्का घ्या. साहेबांशी बोलणं झालंय, याला फाइलमध्ये काडीची किंमत नाही.

सुनावणीचा निकाल पटला नाही तर अपील दिवाणी न्यायालयात, त्याच महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 406 खाली. मुदत फक्त 15 दिवस. आधी आयुक्तांकडे हरकत घेऊन तिचा निकाल लागलेला हवा, आणि बिलात मागितलेली रक्कम पालिकेत जमा केलेली हवी. प्रकरणं घसरतात ती इथं. लोक वाद चालू म्हणून भरणं थांबवतात, मग अपील ऐकलं जात नाही आणि शास्तीही वाढत राहते. म्हणून हरकत राखून पैसे भरावेत आणि तसं पत्र पावतीच्या तारखेलाच आवकात द्यावं.

थकबाकीदारांना लोकअदालतीची नोटीसही येते. तिथं तडजोड होऊ शकते, पण सही करण्याआधी आकडे नीट वाचा, कारण तिथल्या निवाड्यावर अपील नाही. अभय योजना जाहीर झाली तर एकरकमी भरणाऱ्याला शास्तीत सूट मिळते. तिच्या आशेवर कर थकवत बसणं मात्र जुगार आहे, आणि वेळेवर भरणारे या योजनांवर चिडतात ते उगीच नाही.

अनधिकृत बांधकामाची शास्ती ही वेगळीच गोष्ट. तिचा दर वेगळा, आणि ती भरली म्हणून बांधकाम अधिकृत होत नाही. रस्त्यावर कचरा टाकल्याचा दंड जागेवरच पावती फाडून होतो. बंदी असलेलं प्लास्टिक सापडलं तर पहिल्यांदा 5,000, दुसऱ्यांदा 10,000, तिसऱ्यांदा 25,000 आणि तुरुंगवासही. वाहतुकीचं ई-चलान पोलिसांचं असतं, त्यासाठी महापालिकेत हेलपाटे घालू नका.

(दृश्य: भरणा खिडकी. पावतीचा क्लोज-अप.)

पैसे भरताना आधी मालमत्ता क्रमांक एकेक आकडा जुळवून बघा. एक आकडा इकडचा तिकडे झाला तर पैसे शेजाऱ्याच्या खात्यात जमा होतात आणि तुमची शास्ती चालूच राहते. थोडीच रक्कम भरत असाल तर ती मुद्दलात गेली की शास्तीत, हे पावतीवर पाहा. धनादेश परत गेला तर भरणाच झाला नाही असं धरतात. ऑनलाइन भरताना खात्यातून पैसे गेले आणि पावती आली नाही, तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. बँकेचा व्यवहार क्रमांक घेऊन विभागीय कार्यालयात चौकशी करा. आणि पुढचं बिल आलं की थकबाकीचा रकाना बघा. तिथं जुना आकडा दिसला, तर पावतीची झेरॉक्स जोडून त्याच आठवड्यात अर्ज.