संत्र्याच्या झाडाखालचे शिकारी

नमस्कार मंडळी, आज नागपूरच्या संत्र्याबद्दल नाही बोलणार, संत्र्याच्या झाडाखाली जो पालापाचोळा कुजत पडलेला असतो ना, त्यात राहणाऱ्या कोळ्यांबद्दल बोलायचंय, म्हणजे जाळं विणणारे नव्हे, इंग्रजीत ज्यांना माइट म्हणतात ते बारीक जीव. कोळी म्हटलं की आपल्या शेतकऱ्याला लगेच फवारणी आठवते, पण तो पानातला रस शोषणारा लाल कोळी वेगळा, हे शिकारी आहेत राजेहो. कुळाचं नाव लेलॅपिडी, हजारावर जाती माहीत आहेत, अंगाने बहुतेक मिलिमीटरभर किंवा त्याहूनही लहान, आठ पाय आणि डोळे नाहीतच! पुढच्या दोन पायांनी चाचपडत धावतात, भक्ष्य सापडलं की चिमट्यासारख्या जबड्याने धरून आतला रस पितात. सूत्रकृमी, मातीत पडलेले थ्रिप्सचे म्हणजे फुलकिड्यांचे कोष, कुंडीभोवती घोंघावणाऱ्या बारीक काळ्या माश्यांच्या अळ्या, सगळं चालतं. यातली स्ट्रॅटिओलेलॅप्स स्किमिटस नावाची जात तर परदेशात डब्यात भरून विकतात, ग्रीनहाऊसवाले ती मातीवर पसरवतात.

पण खरी गंमत यांच्या पत्त्यांची आहे. कोणी शेणखतात, कोणी मुंग्यांच्या वारुळात, कोणी उंदराच्या बिळात, आणि बिळात राहता राहता काही जाती थेट उंदराच्या अंगावरच चढल्या, रक्त पिऊ लागल्या. भुंग्याच्या काही जातींत तर मादीच्या पोटाला आतून एक खिसाच असतो, त्यात याच कुळातले कोळी बसून प्रवास करतात, फुकटात. आग्या मोहोळातही एक शाखा आहे, ट्रोपिलेलॅप्स, ती अळ्या-कोषांवर जगते आणि आता पेटीतल्या युरोपियन मधमाश्यांनाही लागलीय, तिच्याबद्दल चांगलं बोलायला माझ्याकडे काही नाही.

मातीतल्यांना मात्र बीळ खणता येत नाही, तयार पोकळ्यांतूनच फिरावं लागतं, म्हणून पाचोळा जाळून वावर उघडं टाकलं की यांची राहायची जागाच जाते.

बघायचेत? इटलीच्या बर्लेसे यांनी १९०५ मध्ये मातीतले असे जीव बाहेर काढायला गरम पाण्याने तापणारं फनेल म्हणजे नरसाळं काढलं, पुढे स्वीडनच्या तुलग्रेन यांनी त्यावर बल्ब लावला. आपण साधं फनेल घ्यायचं, जाळी ठेवून त्यावर ओला पाचोळा, वर बल्ब, खाली वाटीत ओला कागद, रात्रभर राहू द्या, उष्णतेने सगळे खाली उतरतात. उड्या मारणारे ते स्प्रिंगटेल नावाचे बारीक जीव, आणि त्यांच्यामागे भराभरा धावणारा तपकिरी ठिपका दिसला तर तो बहुतेक आपला शिकारी.