डोपामीन आणि क जीवनसत्त्व यांना वेगळं ओळखायचं कसं?

डोपामीन हा मेंदूतल्या पेशींमधला एक संदेशवाहक रेणू. तो विजेच्या साहाय्याने मोजता येतो, कारण त्याचं ऑक्सिडीकरण चटकन होतं. मेंदूत खुपसलेल्या कार्बनच्या बारीक टोकाला, म्हणजे इलेक्ट्रोडला, पुरेसं व्होल्टेज दिलं, की डोपामीनचा प्रत्येक रेणू दोन इलेक्ट्रॉन आणि दोन प्रोटॉन सोडतो. तेच इलेक्ट्रॉन आपल्याला प्रवाहाच्या रूपात दिसतात. कॅन्सस विद्यापीठाचे राल्फ ॲडम्स यांनी १९७३ साली उंदराच्या मेंदूत हे करून दाखवलं.

पण तिथेच खरी अडचण समोर आली. मेंदूतल्या पेशींभोवतीच्या द्रवात क जीवनसत्त्व, म्हणजे ॲस्कॉर्बिक आम्ल, शेकडो मायक्रोमोलर असतं आणि डोपामीन काही नॅनोमोलर. म्हणजे हजारो पटींचा फरक! त्यात साध्या कार्बनवर दोघांचंही ऑक्सिडीकरण जवळपास एकाच व्होल्टेजला होतं. त्या सुरुवातीच्या मोजमापांत क जीवनसत्त्वाचाच वाटा मोठा होता, हे पुढे लक्षात आलं. म्हणून मी नेहमी सांगतो, सेन्सर किती संवेदनशील आहे हे नंतर विचारा. तो नेमकं काय मोजतोय, हे आधी विचारा.

इथे कार्बन नॅनोट्यूब, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या, कामाला येतात. आणि ही गोष्ट आपल्या मुंबईशी जोडलेली आहे, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले संथानम, त्यांच्यासोबत ब्रिट्टो आणि अजयन, यांनी १९९६ साली नॅनोट्यूबचा इलेक्ट्रोड बनवून त्यावर डोपामीनचं ऑक्सिडीकरण केलं. इजिमा यांच्या नॅनोट्यूबवरच्या १९९१च्या गाजलेल्या शोधनिबंधाला तेव्हा जेमतेम पाच वर्षं झाली होती. पुढे अनेकांनी दाखवलं की नॅनोट्यूबच्या थरावर क जीवनसत्त्वाचं ऑक्सिडीकरण कमी व्होल्टेजलाच उरकतं आणि आलेखावर दोघांची शिखरं वेगळी दिसू लागतात. वर नाफियॉन या पॉलिमरचा पातळ थर दिला तर आणखी फायदा. त्यावर ऋण भार असतो, त्यामुळे ऋणभारित ॲस्कॉर्बेट दूर राहतं आणि धनभारित डोपामीन आत येतं.

वेगाचं काय? जलद व्होल्टॅमेट्रीत, म्हणजे व्होल्टेज झपाट्याने बदलत प्रवाह मोजण्याच्या पद्धतीत, व्होल्टेज उणे ०.४ पासून अधिक १.३ व्होल्टपर्यंत नेऊन परत आणतात, सेकंदाला ४०० व्होल्ट या गतीने. ही फेरी साडेआठ मिलिसेकंदांत संपते आणि सेकंदाला दहा वेळा होते. मधल्या वेळात डोपामीन पृष्ठभागावर चिकटून साठतं. साध्या कार्बन तंतूवर फेऱ्या वाढवल्या, की चिकटायला वेळ उरत नाही आणि सिग्नल घसरतो. व्हर्जिनिया विद्यापीठात जिल व्हेंटन यांच्या गटाने नॅनोट्यूबच्या पिळलेल्या सुताचा इलेक्ट्रोड वापरला, तेव्हा ही घसरण जवळपास दिसली नाही. सुताच्या खाचांमध्ये रेणू अडकून राहतात आणि तिथेच त्यांचं ऑक्सिडीकरण, क्षपण (म्हणजे इलेक्ट्रॉन परत घेणं), पुन्हा ऑक्सिडीकरण होत राहतं.

ग्लुटामेट या मेंदूतल्या दुसऱ्या संदेशवाहकाची गोष्ट निराळी. ते स्वतः इलेक्ट्रॉन देत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोडवर ग्लुटामेट ऑक्सिडेज हे विकर (एन्झाइम) बसवावं लागतं आणि त्यातून तयार होणारं हायड्रोजन पेरॉक्साइड मोजावं लागतं.

या विषयावरचे शोधनिबंध वाचताना दोन गोष्टी जरूर तपासा. नॅनोट्यूब बनवताना वापरलेल्या लोखंडासारख्या धातूंचे कण आत उरतात आणि कधीकधी उत्प्रेरकाचं काम तेच करतात. श्रेय मात्र नळीला मिळतं. दुसरं, मोजमाप चंचुपात्रातल्या स्वच्छ द्रावणात झालंय की ऊतीत? ऊतीतली प्रथिनं टोकावर बसली की संवेदनशीलता उतरते. त्यामुळे इलेक्ट्रोडचं कॅलिब्रेशन (माहीत असलेल्या प्रमाणाशी ताडून पाहणं) मेंदूत घालण्याआधी केलं होतं की बाहेर काढल्यावर, ही ओळ मी सगळ्यात आधी शोधतो.