वाटी, टेप आणि मूठभर दाणे

[रेखाचित्र: शेजारीशेजारी उभे दोन पुरुष. अंगकाठी सारखीच.]

२००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचं एक छायाचित्र छापून आलं. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. उंचीच्या मानाने दोघांचं वजन अगदी सारखं. हे मोजणारा आकडा, बीएमआय, दोघांचाही २२.३. शरीरातली चरबी मोजली, तेव्हा युडकिन यांच्या अंगात ती ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के.

याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायका आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास करत होते. तिथल्या बाळांचं जन्मवेळचं सरासरी वजन होतं २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आपल्याकडच्या बाळांचे स्नायू लहान, पोटातले अवयव लहान, पण कातडीखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नाही. ही ठेवण जन्मापासूनच दिसते. मधुमेह आपल्याला लवकर आणि बारीक असतानाही का गाठतो, याचं बरंचसं उत्तर या ठेवणीत आहे.

म्हणून वजनकाट्याबरोबर घरात शिंप्याचा टेप हवा. सकाळी, काही खाण्याआधी उभं राहा. सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाचं वरचं टोक बोटांनी चाचपा, आणि त्या दोहोंच्या मधोमध टेप आडवा धरा. श्वास सहज सोडा, पोट आत ओढू नका. पँटच्या पट्ट्याच्या मापावर विसंबू नका. पोट सुटलं की पट्टा खाली सरकतो आणि माप वर्षानुवर्षं तेच राहतं. पुरुषांचा घेर ९० सेंटिमीटर किंवा जास्त, बायकांचा ८० किंवा जास्त भरला, तर वजन कितीही बेताचं असो, रक्तातली साखर आणि रक्तदाब तपासून घ्यायलाच हवा.

[दृश्य: सकाळचा ओटा. पोह्यांची कढई, बाजूला चहाचं आधण.]

आता ताटाकडे येऊ. पुण्यातल्या एका साध्या, शाकाहारी, नोकरदार माणसाचा दिवस बघा. सकाळी कांदेपोहे आणि चहा. डब्यात दोन पोळ्या आणि बटाट्याची किंवा फ्लॉवरची भाजी. चारच्या सुमाराला पुन्हा चहा. रात्री दोन पोळ्या, भाजी, वरण-भात. यात वावगं असं काहीच नाही. पण प्रथिनांचा हिशोब मांडा. साठ ग्रॅम पोह्यांतून साडेचार ग्रॅम. चार पोळ्यांच्या कणकेतून तेरा. भातातून पाच. पातळ वरणात माणशी वीस ग्रॅम डाळ असते, तिच्यातून चारएक. चहाच्या दुधातून पाच, भाज्यांतून तीन. बेरीज पस्तिशीच्या आत. प्रौढ माणसाची शिफारस आहे दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे साठ किलोच्या माणसाला ५०. पोट तर भरलेलं असतं, पण मुख्यतः पिष्टाने. जन्मतःच कमी असलेल्या स्नायूंना असं जेवण वाढवतही नाही आणि टिकवतही नाही.

ही तूट प्रथिनांच्या पावडरच्या डब्याशिवाय भरून निघते. एका जेवणात चाळीस ग्रॅम कोरड्या मटकीची उसळ घ्या: आठ ग्रॅम. दुपारी वाटीभर, म्हणजे दीडशे ग्रॅम दही: पाच. चारच्या चहाबरोबर बिस्किटांऐवजी मूठभर, पंचवीस ग्रॅम भाजलेले शेंगदाणे: सहा. वरण जरा घट्ट, माणशी तीस ग्रॅम डाळीचं: आणखी दोन. मग एक पोळी कमी करा आणि भात निम्मा. ती वजाबाकी करूनही बेरीज पन्नासला पोचते. पोळी-भात कमी करणं हा इथे महत्त्वाचा भाग आहे. नुसती भर घातली तर उष्मांक वाढतात आणि टेपवरचा आकडाही वाढतो.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत दिवसाला २००० उष्मांकांचं ताट आखून दिलं आहे. त्यात धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम आणि त्यांतल्या शंभर पालेभाज्या, फळं १००, दाणे आणि तेलबिया ३५, दूध किंवा दही ३०० मिलिलिटर, तेल-तूप २७ ग्रॅम. धान्य-डाळी कोरड्या मोजायच्या, भाज्या कच्च्या. घरची वाटी एकदा स्वयंपाकाच्या काट्यावर ठेवून, तिच्यात किती ग्रॅम डाळ मावते ते बघून ठेवा. पुढे काट्याची गरज पडत नाही. मांस, मासे, अंडी खाणाऱ्यांनी काही डाळीच्या जागी ती घ्यावीत. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं असतात.

[दृश्य: फडक्यात बांधलेली मटकी.]

उसळ रोज होत नाही, कारण मोड यायला वेळ लागतो आणि ते बिघडतात. पद्धत अशी. मटकी निवडून, तीन-चार पाण्यांनी धुऊन, तिप्पट पाण्यात आठ ते दहा तास भिजवा. वर तरंगणारे दाणे काढून टाका. मग पाणी पूर्ण निथळू द्या. चूक होते ती बहुधा इथेच. चाळणीत पंधरा-वीस मिनिटं ठेवलं नाही तर तळाला पाणी राहतं, मटकी बुळबुळीत होते आणि आंबूस वास येतो. ओलसर सुती फडक्यात बांधून झाकून ठेवा. पुण्याच्या उन्हाळ्यात बारा-चौदा तासांत मोड येतात, डिसेंबर-जानेवारीत चोवीस ते छत्तीस तास लागतात. भिजताना कधी कधी काही दाणे दगडासारखे राहतात. ते जुन्या मालाचे. चावताना दात दुखावतो, म्हणून ते आधीच शोधून काढावेत. मोड आलेली मटकी फ्रीजमध्ये तीन दिवस चांगली राहते, म्हणून रविवारी एकदाच अर्धा किलो भिजवली तर चौघांच्या घरात तीन जेवणांची सोय होते. मोडांमुळे कडधान्यातलं फायटेट, म्हणजे लोहाला बांधून ठेवणारा घटक, कमी होतं आणि लोह अंगी लागायला मदत होते. कच्चे मोड खायचा मोह टाळा. मोड येण्याच्या उबदार ओलाव्यात जंतूही वाढतात. दहा मिनिटं वाफवले की प्रश्न मिटतो. शिजवलेलं पाणी ओतून देऊ नका, त्याचंच कळण करा.

पोळीच्या जागी आठवड्यातून चार-पाचदा भाकरी आली तर तंतू वाढतात. ज्वारीत शंभर ग्रॅममागे दहा ग्रॅम तंतू असतात, बाजरीत त्याहून थोडे जास्त, आणि बाजरीत लोहही बरं असतं. भाकरी मोडते, याची कारणं दोन. पीठ जुनं, किंवा पाणी गार. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो. कडकडीत पाण्यानेच ती बांधली जाते. बाजरीचं पीठ तिच्यातल्या तेलामुळे लवकर खवट, कडू होतं. गिरणीतून एका वेळी आठ दिवसांचंच दळण आणा.

[दृश्य: मंडईतले पालेभाज्यांचे ढीग.]

महात्मा फुले मंडईत किंवा घराजवळच्या भाजीवाल्याकडे मेथी, शेपू, चाकवत, अंबाडी, माठ, राजगिरा, कांद्याची पात सहज मिळते. माणशी शंभर ग्रॅम म्हणजे चौघांना एक चांगली भरगच्च जुडी रोज. आधी धुवा, मग चिरा. चिरून धुतलं की पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वं मोरीत जातात. डाळ-दाणे घालून केलेली चाकवताची पातळभाजी या हिशोबात फार उजवी आहे, तिच्यात पाला, डाळ आणि तेलबिया एकाच वाटीत येतात. पालकावर मात्र सगळा भरवसा ठेवू नका. त्यात ऑक्झलेट भरपूर असतं, त्यामुळे त्यातलं कॅल्शियम फारसं अंगाला लागत नाही. कॅल्शियमला दूध-दही, तीळ आणि नाचणी बरी. नाचणीत शंभर ग्रॅममागे सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम असतं.

भाजीपाल्यातलं लोह शोषलं जायला जोडीला ‘क’ जीवनसत्त्व लागतं. पोह्यांवर, उसळीवर, वरणावर लिंबू पिळायचं ते गॅस बंद केल्यावर. उकळताना पिळलं तर ते जीवनसत्त्व उष्णतेने नाहीसं होतं. पेरू, आवळा, कोथिंबीर यांनीही काम होतं. आणि हे सगळं आपण चहाने वाया घालवतो. पोह्यांच्या बशीशेजारी चहाचा कप ही पुण्याची रीतच आहे, पण चहातली टॅनिनं लोहाला पकडून ठेवतात. जेवणाआधी एक तास आणि नंतर एक तास चहा-कॉफी नको. चहा सोडायचा नाही, फक्त सरकवायचा. बायकांना दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागतं, पुरुषांना १९. तेव्हा घरात चहाची वेळ आधी कुणाची बदलायची, हे यावरून ठरवा.

ब-१२ जीवनसत्त्वाची गोष्ट वेगळी. पालेभाजी, कडधान्य, स्पिरुलिना नावाचं शेवाळ, यांतून उपयोगी ब-१२ मिळत नाही. दूध, दही, अंडी, मासे, मांस एवढेच नैसर्गिक स्रोत. पुणे आणि परिसरातल्या ४४१ पुरुषांच्या रक्ततपासणीत ६७ टक्क्यांत ते कमी निघालं. हा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. हातापायांना मुंग्या, जीभ लाल होणं, सततचा थकवा, विसराळूपणा ही लक्षणं वयावर ढकलली जातात. मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ही कमतरता आणखी दिसते. तपासणी करून डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी किंवा इंजेक्शन घ्यावं. नुसतं फॉलिक अॅसिड घेतलं तर रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि नसांची हानी आत चालूच राहते.

[दृश्य: किराणा दुकान, सामानाची यादी.]

मीठ, तेल, साखर रोज मोजता येत नाही. महिन्याची किराणा यादी ते काम करते. माणशी दिवसाला पाच ग्रॅम मीठ, म्हणजे चौघांच्या घरात एक किलोचा पुडा पन्नास दिवस पुरायला हवा. पापड, लोणचं, फरसाण, पाव यांतलं मीठ वेगळं येतंच, म्हणजे खरं तर त्याहून जास्त दिवस. तेल-तूप मिळून चौघांना महिन्याला साडेतीन लिटर. पाच लिटरचा डबा महिनाअखेर संपत असेल, तर फोडणीला बाटलीतून धार धरणं बंद करून चमचा वापरायला लागा. साखर चौघांना तीन किलोच्या आत, बाहेरचा चहा आणि मिठाई धरून. पाकिटावरच्या घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. ‘मल्टिग्रेन’ बिस्किटावर पहिलं नाव मैद्याचं असेल, तर ते मैद्याचं बिस्किट आहे.

उपवासाला साबुदाण्याची खिचडी सगळ्यांना प्रिय. पण साबुदाण्यात पिष्टाखेरीज जवळपास काहीच नाही, शंभर ग्रॅममागे प्रथिनं एक ग्रॅमही नाहीत. दाण्याचा कूट दुप्पट करा, किंवा वरीचा भात, दाण्याची आमटी आणि दही असा बेत ठेवा. मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपवास करू नये; साखर एकदम खाली जाऊ शकते.

[दृश्य: पर्वतीच्या पायऱ्या, चढणारी माणसं.]

चालणं आठवड्याला १५० मिनिटं तरी, आणि इतक्या वेगाने की बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये. तळजाई, हनुमान टेकडी, पर्वती हाताशी आहेत. ज्याला तिथवर जाता येत नाही, त्याने प्रत्येक जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं सोसायटीच्या आवारात चालावं. जेवणानंतर चढणारी साखर स्नायू तेव्हाच ओढून घेतात. स्नायू वाढवायला चालणं पुरत नाही. आठवड्यातून दोनदा ताकदीचा व्यायाम हवा: हात न टेकता खुर्चीतून उठणं-बसणं दहा वेळा, भिंतीला हात लावून जोर दहा वेळा, दोन्ही हातांत पाण्याच्या भरलेल्या बाटल्या घेऊन त्या खांद्यापासून वर उचलणं दहा वेळा. अशी तीन आवर्तनं. दहा सहज जमायला लागले की बारा करा, किंवा वजन वाढवा. गुडघे दुखत असतील तर उंच खुर्चीपासून सुरुवात करा. छातीत दडपण आलं, चक्कर आली, तर तिथेच थांबा आणि डॉक्टरांकडे जा.

रात्रीचं जेवण झोपेच्या दोन-तीन तास आधी, झोप किमान सात तास. मूत्रपिंडाचा आजार असेल तर वर सांगितलेली प्रथिनं परस्पर वाढवू नका. पोटॅशियम घातलेलं ‘कमी सोडियमचं’ मीठही अशा माणसांनी विचारल्याशिवाय वापरू नये. बाकीच्यांनी तिशीनंतर वर्षातून एकदा रक्तदाब आणि साखर तपासावी, आणि दर तीन महिन्यांनी टेप त्याच जागी, त्याच वेळी धरून आकडा लिहून ठेवावा.