रात्रभर झोपूनही डोळ्यांवर झापड

श्रोतेहो, नमस्कार.

घरात कुणी मोठ्यानं घोरू लागलं की आपण म्हणतो, काय गाढ झोप लागलीय! पण जरा कान देऊन ऐका. घोरणं एकाएकी थांबतं का? दहा सेकंद, वीस सेकंद काहीच आवाज नाही, आणि मग गुदमरल्यासारखा हुंदका देऊन श्वास पुन्हा सुरू होतो? तसं असेल, तर ती स्लीप अ‍ॅप्नियाची, म्हणजे झोपेत श्वास पुन्हा पुन्हा थांबण्याच्या आजाराची, खूण असू शकते.

झोपेत घशाचे स्नायू सैलावतात. काहींमध्ये ते इतके सैलावतात की श्वासाची वाटच मिटते. छाती धडपडत असते, हवा मात्र आत जात नाही. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू क्षणभर जागा होतो आणि वाट मोकळी होते. सकाळी यातलं काही आठवत नाही. श्वास असा अडखळणं तासाला ५ ते १५ वेळा असेल तर आजार सौम्य, ३० च्या वर गेलं तर तीव्र. ३० म्हणजे दर दोन मिनिटांनी एकदा! मग आठ तास अंथरुणात काढूनही दुपारी बैठकीत मान डुलते, यात आळस कसला?

गंमत म्हणजे, माणसाला या पेंगण्याची सवय होते. ‘वय झालं’, ‘कामाचा ताण आहे’ असं म्हणून तो सोडून देतो. सकाळी डोकं दुखतं, रात्री लघवीला उठावं लागतं, विसरायला होतं, बारीकसारीक गोष्टींवरून चिडचिड होते. जोडीदार उशी उचलून दुसऱ्या खोलीत जातो, त्याचीही झोप गेलेली असतेच. गाडी चालवताना डुलकी लागली तर जिवावरच बेततं.

दिवसाची झोप मोजायला एपवर्थ नावाची, १९९१ सालची एक साधी प्रश्नावली आहे. वाचताना, टीव्ही पाहताना, गाडीत बसल्यावर, अशा ८ प्रसंगी डुलकी लागायची शक्यता किती, याला ० ते ३ गुण द्यायचे. २४ पैकी १० च्या वर गेलात, तर डॉक्टरांना भेटा. मात्र गुण कमी आले म्हणून निर्धास्त राहू नका. तीव्र आजार असूनही काहींना दिवसा झोप येत नाही. पक्कं निदान रात्रभराच्या झोपेच्या तपासणीतूनच होतं.

उपचार आहेत. मास्कमधून दाबानं हवा देऊन घसा उघडा ठेवणारं सीपॅप यंत्र १९८१ पासून माहीत आहे. सुरुवातीला मास्क नकोसा वाटतो, हे खरं. वजन उतरवणं, कुशीवर झोपणं, रात्रीची दारू टाळणं याचाही अनेकांना उपयोग होतो. झोपेच्या गोळ्या मात्र मनानं घेऊ नका, काही गोळ्यांनी त्रास वाढू शकतो.

आणि डॉक्टरांकडे जाल तेव्हा तुमचं घोरणं ऐकणाऱ्या माणसाला सोबत न्या. ते जमणार नसेल, तर त्यांना मोबाइलवर तुमचा झोपेतला आवाज टिपून ठेवायला सांगा.