रंग लंडनचा, कारखाने जर्मनीचे

नमस्कार, श्रोतेहो.

तंत्रज्ञानात सगळ्यांच्या पुढे असलेला देश पाहता पाहता मागे पडतो. हे कसं घडतं ते मला नीट समजलं एका रंगाच्या गोष्टीमुळे. आज तीच सांगतो.

साल १८५६. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ केमिस्ट्रीत विल्यम पर्किन नावाचा १८ वर्षांचा मुलगा शिकत होता. वडील बांधकामाच्या धंद्यातले. पोरानं वास्तुरचनाकार व्हावं ही त्यांची इच्छा, आणि पोराला वेड रसायनांचं. त्याचे शिक्षक होते ऑगस्ट हॉफमन. हे नाव लक्षात ठेवा, हॉफमन. हे गृहस्थ जर्मन. १८४५ साली कॉलेज निघालं तेव्हा त्यांना मुद्दाम जर्मनीहून बोलावून आणलं होतं.

हॉफमन यांच्या मनात एक विचार होता. क्विनाईन प्रयोगशाळेत बनवता येईल का? हिंदुस्थानात इंग्रजांचे शिपाई हिवतापानं आजारी पडत, आणि औषध मिळे ते सिंकोना झाडाच्या सालीतून. ईस्टरच्या सुट्टीत हॉफमन मायदेशी गेले आणि पर्किननं घरी, वरच्या मजल्यावर मांडलेल्या आपल्या छोट्या प्रयोगशाळेत काम सुरू केलं. क्विनाईन काही जमेना. तांबूस गाळ निघाला. मग त्यानं दगडी कोळशाच्या डांबरापासून निघणारं ॲनिलीन घेऊन तोच प्रयोग केला. आता तळाशी काळा साका! फेकून देण्यासारखाच. पण भांडं धुवायला त्यानं स्पिरिट ओतलं आणि ते झालं जांभळं. लख्ख जांभळं. त्यानं त्यात रेशमाचा तुकडा बुडवला, धुतला, उन्हात टाकला. रंग गेला नाही.

इथं थांबून मला एक बोलायचंच आहे. ही सुट्टी होती. मुलगा घरी होता आणि त्याला कुणी क्लासला पाठवलं नव्हतं. आपल्याकडे दहावीचा शेवटचा पेपर संपत नाही तोच अकरावीचे वर्ग सुरू होतात, आणि प्रॅक्टिकलच्या जर्नल मुलं एकमेकांच्या बघून उतरवतात. मला याचं फार वाईट वाटतं. असो.

तर, पर्किननं रंगवलेलं रेशीम स्कॉटलंडमधल्या पर्थ गावच्या पुलर नावाच्या रंगाऱ्यांकडे पाठवलं. उत्तर आलं की माल महाग पडणार नसेल तर हा शोध फार मोलाचा आहे. ऑगस्टमध्ये त्यानं पेटंट घेतलं. कॉलेज सोडतो म्हणाला तेव्हा हॉफमन नाराज झाले. पण वडिलांनी, ज्यांना हे रसायनांचं वेड मुळीच पसंत नव्हतं, त्याच वडिलांनी साठवलेला पैसा काढून दिला. थोरला भाऊ मदतीला आला. लंडनजवळ ग्रीनफर्डला, कालव्याच्या काठी, १८५७ साली कारखाना उभा राहिला. ॲनिलीन मोठ्या प्रमाणावर कुणी बनवत नव्हतं, त्यासाठीची भांडीसुद्धा त्यांना स्वतःच घडवून घ्यावी लागली. आणि १८५८ साली राणी व्हिक्टोरिया लेकीच्या लग्नात जांभळ्या पोशाखात उभी राहिली! मग काय, अख्ख्या लंडनला तोच रंग हवा.

आता बघा. कोळसा ब्रिटनचा. डांबर ब्रिटनचं. शोध ब्रिटनमध्ये लागला, पेटंट ब्रिटनचं, कापडगिरण्या जगात सगळ्यात जास्त ब्रिटनमध्ये. आणि तरी १९१४ साली, महायुद्ध सुरू झालं तेव्हा, ब्रिटिश गिरण्यांना लागणारे बहुतेक रंग येत होते जर्मनीतून. म्हणजे शत्रूकडून. सरकारला १९१५ मध्ये घाईघाईनं स्वतःचा पैसा घालून ‘ब्रिटिश डाइज’ ही कंपनी काढावी लागली.

मधल्या काळात काय झालं? शिक्षक गेले. पुन्हा सांगतो, शिक्षक गेले. १८६५ मध्ये हॉफमन बर्लिनला परतले. मँचेस्टरच्या रंग कारखान्यात काम शिकलेले हाइनरिख कारो जर्मनीला गेले आणि आज बीएएसएफ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कंपनीत दाखल झाले. मंजिष्ठेच्या मुळांतला लाल रंग, अलिझरिन, कृत्रिमरीत्या बनवण्याचा पेटंटअर्ज कारो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८६९ मध्ये लंडनमध्ये केला, तो पर्किनच्या अर्जाच्या बरोबर एक दिवस आधी. एक दिवस! पाच वर्षांनी, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, पर्किननं कारखाना विकला आणि तो संशोधनाकडे वळला.

जर्मनीत विद्यापीठांतून रसायनतज्ज्ञ बाहेर पडत होते आणि कंपन्या त्यांना प्रयोगशाळा बांधून देत होत्या. कृत्रिम निळीवर बीएएसएफनं सुमारे १ कोटी ८० लाख मार्क खर्च केले आणि १८९७ मध्ये ती बाजारात आणली. ब्रिटनमध्ये, नफा आत्ता होतोय ना, मग शिक्षणावर खर्च कशाला, अशी वृत्ती होती. त्या वृत्तीचा फटका बिहारपर्यंत बसला. कृत्रिम निळीपुढे शेतातल्या निळीचा भाव पडला तेव्हा गोऱ्या मळेवाल्यांनी तोटा कुळांवर ढकलला, नीळ लावण्याच्या सक्तीतून सोडवायचं तर खंड वाढवून द्या म्हणाले. १९१७ मध्ये गांधीजी चंपारणला गेले ते यासाठीच.

मुंबईच्या गिरण्याही परदेशी रंगांवरच चालत. १९३३ साली मुंबई विद्यापीठानं रसायन तंत्रज्ञानाचा विभाग सुरू केला, तोच पुढे माटुंग्याचा यूडीसीटी. त्याचे पहिले भारतीय संचालक डॉ. के. वेंकटरामन हे रंगांच्या रसायनाचे जाणकार. शिकले मँचेस्टरला, कारो ज्या शहरात काम शिकले होते तिथेच. नंतर ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचेही संचालक झाले. त्यांच्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या हाताखाली शिकलेल्या मुलांनी पुढे या राज्यात रसायनांचे कारखाने काढले. आज महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत प्राध्यापकांच्या कितीतरी जागा वर्षानुवर्षं रिकाम्या पडून आहेत, तासिका तत्त्वावर कसंबसं भागवलं जातं. त्या भरल्या पाहिजेत, पूर्ण पगारावर, आणि याच वर्षी. नमस्कार.