तगर, मांजर आणि रेसचा घोडा

(दृश्य: पेट शॉपचं काउंटर, पानाफुलांची चित्रं असलेल्या बाटल्या)

दिवाळी जवळ आली की पाळीव जनावरांना शांत करायच्या या हर्बल औषधांच्या बाटल्यांना गिऱ्हाईक वाढतं. फटाक्यांना घाबरून पलंगाखाली थरथरत बसलेला कुत्रा बघवत नाही हो, मग माणूस दुकानात जातो आणि 'हर्बल आहे, साइड इफेक्ट काही नाही' हे ऐकून बाटली घेऊन येतो. लेबलवर झाडाचं नाव असतं, पण त्यातला कुठला घटक किती हे बऱ्याचदा नसतं, आणि सगळी गोम तिथेच आहे.

(दृश्य: लॅब, काचेची पट्टी जवळून)

उदाहरणार्थ व्हॅलेरियन घ्या. युरोपातली वनस्पती, औषधाला मूळ वापरतात. आपल्या हिमालयात तिचीच भाऊबंद तगर होते (दारातली पांढऱ्या फुलांची तगर नव्हे, ते झाडच वेगळं). मूळ वाळलं की आयसोव्हॅलेरिक ॲसिड सुटतं आणि अख्ख्या लॅबमध्ये न धुतलेल्या मोज्यांचा वास! पावडरचा अर्क काढायचा, सिलिका लावलेल्या पट्टीवर खालच्या बाजूला बारीक रेघ द्यायची आणि पट्टी सॉल्व्हंटमध्ये उभी करायची. सॉल्व्हंट वर चढतो तसे घटक सुटे होत जातात, मग ॲनिसाल्डिहाइडचा फवारा मारून तापवलं की जांभळा पट्टा उमटतो, ते व्हॅलेरेनिक ॲसिड, म्हणजे व्हॅलेरियनची ओळख पटवणारा घटक. शेजारीच शुद्ध नमुन्याचा पट्टा असतो, त्याच्या रांगेत काहीच उमटलं नाही तर पाकिटात काय भरलंय ते देव जाणे. प्रमाण मोजायचं तर पुढे एचपीएलसी, म्हणजे घटक सुटे करून मोजणारं यंत्र, आलंच.

हिमालयातल्या तगरीत व्हॅलेपोट्रिएट नावाचे घटक जास्त, आणि ते इतके नाजूक की उष्णता, ओल लागली की मोडतात. म्हणजे कपाटात वर्षभर पडलेल्या बाटलीत काय उरलंय ते तपासल्याशिवाय कळत नाही.

बरं, व्हॅलेरेनिक ॲसिड मेंदूतल्या गाबा रिसेप्टरवर, म्हणजे मेंदूला शांत करणारा निरोप घेणाऱ्या जागेवर काम करतं, डायझेपाम ही झोपेची-चिंतेची गोळीही त्याच रिसेप्टरवर, फक्त जागा वेगळी. उंदरांमध्ये भीती कमी झालेली दिसलीये, कुत्र्यांबाबतचा पुरावा मात्र तोकडाच.

(दृश्य: मुळाच्या पिशवीवर लोळणारं मांजर)

मांजराची तर तऱ्हाच निराळी. त्याच मुळात ॲक्टिनिडीन असतं, त्याचा वास आला की काही मांजरं गाल घासतात, लाळ गाळतात, लोळण घेतात. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 100 मांजरांना हुंगायला दिलं होतं, जवळपास निम्म्यांवर व्हॅलेरियन चाललं, बाकीच्यांनी ढुंकूनही बघितलं नाही. आता याला शांत करणं म्हणायचं का, तुम्हीच सांगा.

(दृश्य: सर्पगंधेची मुळं, मग रेसकोर्स)

आणि हर्बल म्हणजे सौम्य असं समजणाऱ्यांसाठी सर्पगंधा. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये लिहिलं की हिने रक्तदाब उतरतो, 1952 मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीत मुळातून रिसर्पिन वेगळं काढलं, आणि पुढे हेच रिसर्पिन तापट घोड्यांना थंड करायला वापरलं जाऊ लागलं. चार-पाचशे किलोच्या जनावराला काही मिलिग्रॅम पुरतं! मेंदूतले सेरोटोनिन, नॉरॲड्रेनलिन या निरोप पोचवणाऱ्या रसायनांचे साठे रिकामे होतात, असर बरेच दिवस टिकतो, वर जुलाबही लागू शकतात. रक्तात ते इतकं कमी असतं की साध्या टेस्टला सापडत नाही, रेणूंच्या वजनावरून पदार्थ ओळखणारा मास स्पेक्ट्रोमीटर लागतो.

घोडेस्वारीच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे एफईआयने, स्पर्धेत रिसर्पिनला बंदी घातलीये, आणि त्यांच्या निषिद्ध यादीत व्हॅलेरेनिक ॲसिडही आहे. सॅम्पलमध्ये सापडलं की 'आम्ही तर झाडपाल्याचंच दिलं होतं' हे तिथे कोणी ऐकून घेत नाही.